पेशकारांची फटफटी

विमलचं लग्न झालं तेव्हा सासरी दोघंच होते, नवरा आणि फटफटी. घरात मान कुणाचा जास्त, हे कळायला तिला आठ दिवसही लागले नाहीत.

फटफटी तिच्या आधी वर्षभर परतुरात आली होती. पोलीस ॲक्शननंतर जालन्याला लष्करी भंगाराचा लिलाव झाला, त्यात नरहररावांनी ती उचलली. विलायती, महायुद्धात राबून आलेली. पुढचं चाक वाकडं, टाकीला भोक, आणि इंजिन असं बसलेलं की किकवर अख्खा माणूस उभा राहिला तरी हलायचं नाव नाही. रेल्वेच्या डब्यातून स्टेशनपर्यंत, तिथून बैलगाडीतून घरापर्यंत अशी तिची वरात निघाली. ओसरीवर गोणपाट अंथरून तिला बसवलं, आणि त्या दिवसापासून ओसरीवर आल्या-गेल्याला टेकायला जागा उरली नाही.

नरहरराव तहसील कचेरीत पेशकार होते. साहेबापुढे कागद ठेवायचे आणि साहेबाची पाठ वळली की लोकांवर खेकसायचं, असं त्यांचं काम. दिसायला नीटनेटके, धोतराला डाग पडलेला खपत नसे. पण कचेरीतून आले की धोतर सोडून जुनी विजार चढवायचे आणि फटफटीपाशी मांडी ठोकून बसायचे. गावात एक मिस्त्री होता, तेलाच्या गिरणीचं इंजिन सांभाळणारा. त्याने एकदा सहज नट चाचपून पाहिला, तर नरहररावांनी त्याच्या हातावर पाना मारला. परक्याचा हात फटफटीला चालत नव्हता. बायकोचा चालायचा, कारण तो ते स्वतःचाच समजत.

मग काय, विमल कामाला लागली. इंजिन खोललं की एकेक भाग रॉकेलच्या परातीत धुवायचा, फडक्याने पुसायचा, उन्हात ओळीने मांडायचा. ओळ चुकली तर टाळूवर टपली बसे. हाताची कातडी निघाली, भाकरीला रॉकेलचा वास यायला लागला, आणि त्याबद्दलही बोलणी तीच खायची. पेट्रोल गाळायला रेशीम लागतं असं नरहररावांनी कुठेसं वाचलं. त्यांनी तिची पेटी उघडली, लग्नातल्या शालूचा पदर टरकावला आणि पेटी बंद केली. विचारलं नाही. विमल चुलीपुढे बसून होती. तिला तो फाटल्याचा आवाज तेवढा आला.

एक काम मात्र तिला छान जमायचं. व्हॉल्व्ह घासणं. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर घट्ट बसावा म्हणून कडेला एक काळपट, चिकट पेस्ट लावायची आणि तो अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे असा फिरवत राहायचा, कडेवर सगळीकडे सारखी करडी रेघ उमटेपर्यंत. नरहररावांचा हात घाईचा, रेघ तुटायची. विमलने लहानपणापासून आईबरोबर जातं ओढलेलं. तिचा हात तासभर एका चालीत फिरायचा. पहिल्यांदा तिने घासलेला व्हॉल्व्ह नरहररावांनी उजेडात धरून दोनदा फिरवून पाहिला. शाबासकी देणं त्यांना जमणारच नव्हतं. ते म्हणाले, "बराबर पुसून घे. ह्या पेस्टमंदी कुरुंदाची पूड असते. कणभर जरी आत राह्यली ना, तर तेलात मिसळून सगळं इंजिन खाऊन टाकते. ध्यानात ठेव."

विमलने ध्यानात ठेवलं.

तिचं माहेर राजूरचं. वडील लहानपणीच गेले. आई गणपतीच्या देवळामागे एका खोलीत राहायची, लोकांची दळणं दळायची, नैवेद्याचे मोदक करून द्यायची. जवळचं म्हणजे एक पुतण्या बद्रीनाथ, देवळापुढे नारळ-दुर्वांचं दुकान लावणारा. विमलवर आईचा एवढा जीव की लग्नाच्या दिवशी ती रडलीसुद्धा नाही, मुलीला अपशकुन नको म्हणून.

पहिल्या दिवाळसणाला विमल माहेरी जाऊन आली, तेवढंच. नंतर विषय काढला की नरहरराव म्हणत, "आता जायचं ते फटफटीवर. पहिली फेरी राजूरची. तुझ्या आईच्या दारात नेऊन उभी करतो, मंग बघ गाव कसं जमतं ते." ऐकायला किती गोड! पण या गोड बोलण्यानेच तिला दावणीला बांधलं. रेल्वेने जालना आणि पुढे मोटारीने राजूर, सकाळी निघालेलं माणूस दिवस मावळायच्या आत पोचतं. चार वर्षं ती पोचली नाही. कारण चार वर्षं फटफटी चालू झाली नाही.

आणि खोटं कशाला सांगायचं, विमललाही त्या फेरीची भूल पडली होती. तिने आईला कार्ड लिहिलं: आता येईन ती फटफटीवर बसूनच. आईला वाचता येत नव्हतं. बद्रीनाथने वाचून दाखवलं आणि म्हातारीने ते साऱ्या राजूरला सांगून टाकलं. पुढे कितीतरी वर्षं विमल त्या एका कार्डासाठी स्वतःला शिव्या देत असे.

चौपन्न सालच्या नवरात्रात फटफटी सुरू झाली. काळा रंग, टाकीवर सोनेरी रेघ, आणि आवाज असा की समोरच्या घरातली पोरं घाबरून आत पळाली. नरहररावांनी तिच्यावर बसून गल्लीत चार चकरा मारल्या आणि परत ओसरीवर चढवली. खंडेनवमीला पूजा, दसऱ्याला राजूर, असा बेत ठरला. विमलने त्या रात्रीच लुगडं घडी करून ठेवलं.

खंडेनवमीच्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकऱ्याचे विळे-कुऱ्हाडी, सुताराची करवत, कारकुनाची दौत; घासूनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. पूजलेलं हत्यार दसऱ्यालाच उचलायचं. नरहररावांनी पहाटे फटफटी पुसली. विमलने तिच्या दिव्याखाली स्वस्तिक काढलं, हँडलला झेंडूची माळ घातली, चाकापाशी नारळ ठेवला. आरती होतेय तोवर दारात बद्रीनाथ उभा.

सकाळच्या गाडीने आला होता. चेहरा पार उतरलेला.

"काकूचं काही खरं न्हाई विमल," तो म्हणाला. "परवापासून छाती भरून आलीय. वैद्य म्हणला, बोलवायचं त्याला बोलवून घ्या. तुझंच नाव घेऊन राह्यल्या. दुपारच्या गाडीनं निघू, दिवेलागणीला पोचतो."

विमल आत गेली ती पिशवी घेऊनच बाहेर आली. नरहररावांनी हातातलं तबक खाली ठेवलं नव्हतं.

"बद्रीनाथ, तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "आम्ही उद्या फटफटीवर येतो."

"अहो, उद्या कशाला?" विमल म्हणाली. "न्यायचंच असेल तर आत्ता काढा ना."

"आज खंडेनवमी हाये. पूजलेलं हत्यार हलवतात का?"

"मंग मी दादासोबत रेल्वेनं जाते. तुम्ही उद्या या."

"आणि घटाचा दिवा? त्याच्यापाशी कोण बसंल, मी?" त्यांचा आवाज चढला. "चार वर्षं मी मरमर मेलो. दारात गाडी तयार आणि पेशकाराची बायको थर्ड क्लासात कोंबून चालली! कचेरीतले काय म्हणतील? तुझ्या आईलाच फटफटी बघायचीय ना? मंग एक दिवस थांबंल ती."

बद्रीनाथ हात जोडून उभा होता. जावयाशी वाद घालायची त्याच्यात धमक नव्हती. विमलने पिशवी खाली ठेवली. का ठेवली, हे तिला कधीच सांगता आलं नाही. नवऱ्याने नाही म्हटलं की पिशवी खाली ठेवायची, एवढं हाताला माहीत होतं. बद्रीनाथ एकटाच परत गेला, आणि ती दिवसभर घटाच्या दिव्यात तेल घालत बसली.

दसऱ्याला ती पहाटेच न्हाऊन तयार. नरहररावांनी फटफटी काढली आणि आधी कचेरीवर नेली. तिथे कचरू शिपायाने तिला नारळ फोडला. मग साहेबाच्या बंगल्यावर सोनं द्यायला. साहेबांना एक चक्कर हवी होती, ती झाली. साहेबांच्या मेव्हण्यालाही हवी होती, तीही झाली. विमल उंबऱ्यावर बसून आवाजाचा कानोसा घेत होती. आवाज जवळ यायचा, वळायचा, लांब जायचा. सूर्य डोक्यावर आला तेव्हा एकदाचे नरहरराव उगवले, आणि म्हणाले, "जल्दी बस. उशीर करून राह्यलीस."

रस्ता खडीचा. दर सात-आठ मैलांवर इंजिन निवायला थांबायचं. जालन्यात ओळखीच्या वकिलाच्या दारात थांबले. चहा झाला, फटफटीची सगळी कथा झाली. विमल मागच्या बैठकीवर दांडी घट्ट धरून बसली होती, उतरलीच नाही. वकिलाच्या बायकोला वाटलं, काय गर्वाची बाई आहे!

राजूरला पोचले तेव्हा देवळात सांजारती चालू होती. आईच्या दारात गाडी थांबली, आणि नरहरराव म्हणाले होते तसं गाव जमलं. पोरं धावली, बाप्ये धावले. खोलीपुढे राखेत विझलेल्या गोवऱ्या पडल्या होत्या.

शेजारच्या सोनूबाईने विमलला मिठी मारली. "सकाळीच गेली गं माय. दुपारी नेली. काल दिसभर इचारत व्हती, फटफटीचा आवाज आला का. रोडनं एखादी मोटार गेली की मान उचलायची. म्या म्हणलं, येतीया, वाटंवर हाय. काय करू, खोटं बोलले."

विमलला रडू फुटलं नाही. तिला मागे नरहररावांचा आवाज ऐकू येत होता. भोवती जमलेल्या माणसांना ते सांगत होते, "पंचावन्न मैल! एकदा बंद पडली न्हाई. बिलकुल न्हाई." बद्रीनाथ टक्कल करून, ओल्या धोतराने कोपऱ्यात बसला होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

विमलच्या मनात तेव्हा एकच आलं: या माणसाला हे कळलं पाहिजे. त्याने काय केलंय ते त्याला एकदा तरी कळलं पाहिजे.

सांगून कळणार नव्हतं. तिने सांगून पाहिलं, परतुरात आल्यावर, चौथ्या दिवशी. "रेल्वेनं गेले असते तर आई भेटली असती." नरहरराव कार्ब्युरेटर उघडून बसले होते. ते म्हणाले, "वेळ आल्ती तिची. आता ते उगाळत बसू नको, ती परात सरकव इकडं."

तिने परात सरकवली. दुपारी ते कचेरीत गेल्यावर फडताळातली पेस्टची डबी काढली. नखाने चिमूटभर पेस्ट उचलली, तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आत सोडली. झाकण लावलं, हात धुतले, भात टाकला. त्या दिवशी तिला दसऱ्यानंतर पहिल्यांदा भूक लागली.

महिन्याभरात फटफटीचा आवाज बदलला. आधी खरखर, मग धूर, मग चढावर दमायला लागली. नरहररावांनी इंजिन खोललं. नव्या पिस्टनवर उभे ओरखडे, रिंगा झिजून पत्र्यासारख्या. त्यांनी ओरखड्यांवरून नख फिरवलं. मग म्हणाले, "धूळ. आपल्याकडची काळी धूळच वाईट." मुंबईहून रिंगा मागवल्या, हवेच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलं. विमलने सगळं धुतलं, व्हॉल्व्ह घासले, ओळीने मांडले, ओळ कुठे चुकली नाही. फटफटी पुन्हा सुरू झाली. पंधरा दिवस तिने चालू दिली. मग चिमूटभर.

असं सहा वर्षं चाललं. माणूस एकदा मारला की सुटतो. विमलला तसं सोडायचं नव्हतं. फटफटी कायमची मेली असती तर नरहररावांनी चार दिवस दुःख करून सायकल घेतली असती. म्हणून ती मरू द्यायची नाही आणि जगूही द्यायची नाही, असा तिने हिशेबच बांधला होता. ते आशेला लागले, चार लोकांना सांगून आले की आता बराबर जमलं, की मग डबी काढायची.

हैदराबाद राज्य गेलं, परतूर मुंबई राज्यात आलं, फटफटी ओसरीवरच. नरहररावांना बढतीवर औरंगाबादला जायचा हुकूम आला. खोललेलं इंजिन टाकून जायचं कसं, म्हणून त्यांनी तो अर्ज करून रद्द करून घेतला. त्यांच्या हाताखालचा पोरगेला कारकून त्या जागेवर गेला आणि पुढे त्यांचा साहेब होऊन परत आला. कचेरीत त्यांची टर उडायची. कचरू शिपाई सगळ्यांसमोर विचारायचा, "हुजूर, आज पायी? बाईसाहेबांची तब्येत न्हाई का बरी?" बाईसाहेब म्हणजे फटफटी. पूर्वी त्यांनी त्याला जोडा फेकून मारला असता. आता नुसते हसायचे, आणि घरी येऊन स्वतःचेच हात तपासत बसायचे. केस गेले, दृष्टी अधू झाली, बोटं थरथरायला लागली. विमलवर ओरडणंही बंद झालं.

आणि विमल? तिची तब्येत सुधारली. शेजारच्या नंदाबाई म्हणायच्या, तुझ्यासारखी सोशीक बाई पाहिली नाही बाई! दर खंडेनवमीला ती फटफटीला माळ घालायची, नारळ ठेवायची, आणि मागे वळून विचारायची, "उद्या राजूरला जायचं का हो?" नरहरराव मान खाली घालायचे. तिला वाटायचं, आता विचारतील. आता त्यांच्या डोक्यात उजेड पडेल, आई आठवेल, ते विचारतील. त्या एका प्रश्नासाठी ती थांबली होती. ते मान खाली घालायचे, पण फटफटीकडे बघत.

साठ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी हात टेकले. भुजंग म्हणून भंगार घेणारा होता, त्याला बोलावलं. तो दुपारी गाडा घेऊन यायचा होता. नरहरराव ओसरीवर फटफटीला टेकून बसले आणि रडायला लागले. मोठ्याने, तोंड वेडंवाकडं करून. आई गेली तेव्हा या डोळ्यांतून थेंब आला नव्हता.

"माझ्या हातातच दोष हाये विमल," ते म्हणाले. "पुस्तकात हाये तसं सगळं केलं. बराबर केलं. पण माझा हातच करंटा."

विमलने चूल विझवली, पदराला हात पुसले आणि येऊन समोर उभी राहिली. सहा वर्षांत ती इतकी ताठ कधी उभी राहिली नव्हती.

"दोष तुमच्या हातात न्हाई. मी पेस्ट टाकत होते."

नरहररावांनी डोळे पुसले. "काय?"

"व्हॉल्व्ह घासायची पेस्ट. तेलाच्या टाकीत. दर वेळी तुमचं जुळत आलं की टाकायची."

"कधीपासून?"

"आई गेली त्या दसऱ्यापासून," विमल म्हणाली. एकेक शब्द तिने सावकाश उच्चारला. "राजूरहून आल्यावर चौथ्या दिवशी पहिल्यांदा टाकली."

ती थांबली. आता मार बसेल, याची तयारी होती. पाना जवळच पडला होता. बसू दे. पण त्याआधी, नाहीतर त्यानंतर, हा माणूस विचारील. का गं, म्हणून विचारील.

नरहरराव तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. पहिल्या रिंगा, दुसऱ्या रिंगा, पिस्टन, बेअरिंग. बोटं मोजत होती. आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. लग्नाच्या दिवशीही विमलने त्यांना असं पाहिलं नव्हतं.

"म्हंजे माझी जोडणी बराबर व्हती!" ते ओरडले. "धूळ न्हाई, तेल न्हाई, काही न्हाई. म्हंजे पहिल्या बारीपासून बराबर व्हती!"

ते उठले, अनवाणी रस्त्यावर धावले. समोरून भुजंगचा गाडा येत होता. त्यांनी त्याचे खांदे धरून त्याला हलवलं. "जा परत, गाडी द्यायची न्हाई! इंजिन बिलकुल चांगलं हाये. बायको कुरुंद टाकत व्हती त्याच्यात, बायको!" भुजंगला वाटलं, ऊन लागलं. ते तसेच कचेरीच्या दिशेने गेले. कचरूला सांगितलं, नव्या साहेबाला सांगितलं, पानाच्या दुकानावर सांगितलं. माझा हात चांगला आहे, असं ते ज्याला त्याला दाखवत होते. लोक हसले, आणि विमलचं नाव तोंडातोंडी झालं. नंदाबाईंनी खिडकी लावून घेतली.

दिवस मावळायच्या वेळी नरहरराव परत आले. हातपाय धुऊन पाटावर बसले. विमलने वाढलं. ते पोटभर जेवले, दोन भाकरी जास्त मागून घेतल्या, वरणाची तारीफ केली. वाटीभर भात घेता घेता त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"विमल, एक विचारू?"

"विचारा," ती म्हणाली. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"चिमूट म्हंजे केवढी टाकायचीस? बेअरिंग किती झिजलं असंल त्याचा अंदाज घेऊन राह्यलोय."

विमलने अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं.